मौद्याच्या आकाशात मिसाईल आलं, तर अडवतं कोण?

मे २०२५ मधले ते चार दिवस आठवा. ७ तारखेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि १० तारखेच्या संध्याकाळी गोळीबार थांबेपर्यंत मौद्यात कुणाचा फोन शांत नव्हता. सीमा इथून सरळ रेषेत नऊशे ते हजार किलोमीटर. तरी ग्रुपवर फिरत होतं, 'पुढचा नंबर पॉवर प्लांटचा.' कुणी पाठवलं, कुठून आलं, पत्ता नाही. पण ज्यांच्या घरातला माणूस प्लांटमध्ये रात्रपाळीला होता त्यांची झोप उडाली, हे खरं.

९ मे हा जुम्म्याचा दिवस होता. नमाजनंतर नववीतल्या एका पोराने आम्हाला गाठलं. "चाचा, तिकडून मिसाईल सुटली तर आपल्या प्लांटवर यायला किती वेळ लागते? अन् आली तर तिला अडवते कोण?" आम्ही सरळ म्हणालो, "काही होत नाही बेटा, घरी जा." पोरगं गेलं, पण त्याच्या तोंडावर समाधान नव्हतं. आमच्याही नव्हतं, कारण आम्हाला उत्तर माहीत नव्हतं. नंतर आम्ही बसून वाचलं, ज्यांना कळतं त्यांना विचारलं. त्या पोराला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज लिहितो आहोत.

आधी वेळेचा हिशोब

आकाशातून येणाऱ्या सगळ्याच वस्तूंना आपण 'मिसाईल' म्हणतो. इथेच पहिला घोळ होतो. त्यात तीन जाती आहेत आणि तिन्हींना अडवायची तऱ्हा वेगळी.

पहिली बॅलिस्टिक. गोफणीतला दगड जसा एकदा सुटला की आपल्या वाटेने वर जातो आणि खाली येतो, तशीच ही. इंजिन फक्त सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट जळतं, पुढचा सगळा प्रवास वेगाच्या जोरावर. हजार किलोमीटर लांब जायचं असेल तर तिला सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेग लागतो. ती वर अडीचशे किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे हवेच्या थराच्या पार बाहेर, आणि सात-आठ मिनिटांत खाली येते. हे गणित अकरावीच्या फिजिक्समधलं आहे, घरात कुणी शिकत असेल तर त्याच्याकडून करून घ्या. परत हवेत शिरल्यावर, शंभर किलोमीटर उंचीपासून जमिनीपर्यंत तिला जेमतेम पन्नास सेकंद लागतात. मौद्याहून कन्हानच्या पुलापर्यंत बाईक न्यायलाही यापेक्षा जास्त वेळ जातो.

दुसरी क्रूझ. हे खरं तर बिनपायलटचं छोटं जेट विमान. जमिनीला चिकटून, झाडांच्या शेंड्यांवरून येतं, मधे वळतंही. वेग कमी, पण दिसतं उशिरा.

तिसरं ड्रोन. आपल्याकडे धानाच्या बांध्यांत फवारणी करणारं ड्रोन आता पोरांना नवीन नाही. त्याचाच लष्करी चुलत भाऊ. हळू, छोटा, स्वस्त, आणि एकटा येत नाही. सरकारने तेव्हा सांगितलं होतं की ८ मेच्या रात्री ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन आले. हेतू मारण्यापेक्षा आपलं हवाई कवच कुठे काय आहे ते चाचपण्याचा होता, असाही अंदाज सांगितला गेला.

डोळा

अडवायचं तर आधी दिसायला हवं. त्यासाठी रडार. रडार रेडिओ लहर सोडतं, ती वस्तूवर आपटून परत येते आणि परतीला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते, म्हणून ३०० किलोमीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पाचशेव्या भागात हातात येतो. वस्तू येते आहे की जाते आहे, हे परत आलेल्या लहरीच्या सुरावरून कळतं. हावडा लाईनवरची गाडी शिट्टी देत येताना आवाज बारीक वाटतो आणि पुढे निघून गेली की जाडा होतो ना, तोच नियम.

अडचण अशी की लहर जाताना विखुरते आणि येतानाही विखुरते. त्यामुळे दुप्पट लांबचं बघायचं तर दुप्पट ताकद पुरत नाही, सोळापट लागते. म्हणून बॅलिस्टिक मिसाईल लांबून पकडणारी रडारं अवाढव्य असतात. आपल्या देशाचं 'स्वोर्डफिश' रडार त्यातलं. इस्रायलच्या 'ग्रीन पाइन' रडारवरून ते तयार झालं. आजची चांगली रडारं जुन्या विमानतळावरच्या रडारसारखी गोल फिरत नाहीत. सपाट पाटीवर शेकडो, हजारो छोटे अँटेना असतात आणि प्रत्येकाची लहर किंचित मागेपुढे सोडली की सगळ्यांचा मिळून एक झोत तयार होतो. तो झोत पाटी न हलवता डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरीकडे वळतो. एकाच वेळी डझनावारी वस्तूंवर नजर ठेवता येते ती यामुळे.

दुसरी अडचण पृथ्वी गोल असण्याची. भंडारा रोडने येताना प्लांटची चिमणी आधी दिसते, खालची इमारत कितीतरी नंतर. रडारचंही तसंच. २० मीटर उंच खांबावरचं रडार १० किलोमीटर उंचीवरचं विमान चारशे किलोमीटरवरून पाहू शकतं, पण ५० मीटरवरून येणारं ड्रोन त्याला सपाट मैदानातही ४५-५० किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दिसत नाही. झाडं, टेकड्या असतील तर त्याहून जवळ. त्यात ड्रोन पक्ष्याएवढं असलं तर आणखी पंचाईत, कारण बगळा कोणता आणि ड्रोन कोणतं हे ओळखायचं कसं? त्यासाठी मग कॅमेरा आणि उष्णता ओळखणारे सेन्सर जोडीला लागतात.

डोकं, आणि धहरानची ती चूक

डोळे शंभर असले तरी डोकं एक हवं. एका रडारने पाहिलेलं दुसऱ्याला कळलं नाही तर दोन तोफा एकाच ड्रोनवर मारा करतील आणि शेजारचं ड्रोन मजेत निघून जाईल. आपल्या वायुसेनेकडे त्यासाठी एकात्मिक कमांड आणि कंट्रोल यंत्रणा आहे आणि सैन्याकडे 'आकाशतीर'. आकाशतीर भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलं. निरनिराळ्या रडारची माहिती एका पडद्यावर आणायची, आपलं विमान कोणतं आणि परकं कोणतं ते वेगळं करायचं, वस्तू कुठे पडेल त्याचा अंदाज बांधायचा आणि कोणत्या तुकडीने कधी मारा करायचा ते सांगायचं, हे त्याचं काम. मे २०२५ मध्ये लोकांनी फटाक्यांसारखे उजेड पाहिले, पण खरं काम या पडद्यामागे झालं.

या 'डोक्या'त छोटी चूक राहिली तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या ओळखीच्या गावचं आहे. आपल्या कित्येक घरांतला एखादा मामू, जीजाजी, भाऊ दम्माम-जुबैलकडे नोकरीला आहे किंवा होता. त्या दम्मामच्या शेजारचं धहरान. पहिल्या आखाती युद्धात, २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, इराकचं एक स्कड मिसाईल तिथल्या अमेरिकी बराकीवर पडलं. २८ सैनिक मेले. शेजारी अमेरिकेची 'पेट्रियट' तुकडी तयार उभी होती, पण तिने डागलंच नाही.

कारण निघालं घड्याळाचं. पेट्रियटचा संगणक सेकंदाच्या दहाव्या भागांनी वेळ मोजत होता. आपण १ भागिले ३ लिहायला बसलो की ०.३३३ संपतच नाही, कुठेतरी थांबावं लागतं. संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत १ भागिले १० चं तसंच होतं. दर वेळी केसाएवढी चूक, पण यंत्र बंद न करता १०० तास चाललेलं होतं. साठत साठत चूक झाली ०.३४ सेकंद. एवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे निघून जातं. संगणक चुकीच्या जागी पाहत राहिला, तिथे काही दिसलं नाही, म्हणून त्याने ठरवलं की काहीच नाही. इस्रायलने ही गडबड दोन आठवडे आधी कळवली होती. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ तारखेला, म्हणजे एक दिवस उशिरा.

आमच्या मते या विषयावरच्या दहा व्हिडिओंपेक्षा ही एक गोष्ट जास्त शिकवते. टीव्हीवर 'अभेद्य कवच' असं ओरडून सांगतात तेव्हा आम्हाला ते ०.३४ सेकंद आठवतात.

हात

आता मारणारा हात. उलट दिशेने येणाऱ्या मिसाईलवर मिसाईल मारणं म्हणजे बंदुकीच्या गोळीने गोळी उडवणं असं म्हणतात, आणि ते फार अतिशयोक्तीचं नाही. समोरून येणारी सेकंदाला ३ किलोमीटर, आपली दीड किलोमीटर. दोघींमधलं अंतर सेकंदाला साडेचार किलोमीटरने कमी होतं. म्हणजे स्फोट सेकंदाच्या हजाराव्या भागाने उशिरा झाला तर साडेचार मीटरचा फरक. म्हणून आदळेपर्यंत वाट पाहत नाहीत. मिसाईलच्या डोक्यात छोटा सेन्सर असतो, तो लक्ष्य जवळ आल्याचं ओळखून स्फोट करतो आणि तुकड्यांचा सडा समोर उभा राहतो.

आपलं 'आकाश' असंच काम करतं. पल्ला सुमारे २५ किलोमीटर, ६० किलोचं स्फोटक डोकं, आणि जमिनीवरचं 'राजेंद्र' रडार त्याला शेवटपर्यंत वाट दाखवतं. ते प्रामुख्याने विमानं, क्रूझ आणि ड्रोनसाठी. १९८३ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली जो एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू झाला, त्यातल्या पाचांपैकी हे एक. बाकीचे चार अग्नी, पृथ्वी, त्रिशूल आणि नाग. आकाशला फौजेत यायला वर्षानुवर्षं लागली, लोक हसले, त्रिशूल तर बंदच करावं लागलं. पण मे २०२५ मध्ये आकाश कामाला आलं. त्याचा लाँचर पुण्याजवळच्या दिघीतल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घडवला, ही आपल्या महाराष्ट्राची बाजूही लक्षात ठेवायला हरकत नाही.

बॅलिस्टिकसाठी मात्र वेगळा हात लागतो. भारताने २७ नोव्हेंबर २००६ रोजी 'पृथ्वी एअर डिफेन्स'ची चाचणी घेतली आणि हवेच्या विरळ थरात, सुमारे ५० किलोमीटर उंचीवर, येणारं मिसाईल अडवलं. पुढच्या वर्षी ६ डिसेंबरला त्याचा खालचा जोडीदार 'अ‍ॅडव्हान्स्ड एअर डिफेन्स' सुमारे १५ किलोमीटर उंचीवर यशस्वी झाला. वरचा चुकला तर खालचा आहे, अशी ही दुहेरी कडी. दुसऱ्या टप्प्याची चाचणी २४ जुलै २०२४ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर झाली. दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी शत्रूचं समजून एक मिसाईल सोडलं आणि ४ वाजून २४ मिनिटांनी त्याला अडवणारं सुटलं. ५,००० किलोमीटर पल्ल्याच्या मिसाईलला तोंड देण्याची क्षमता त्यातून दाखवली, असं संरक्षण मंत्रालयाने सांगितलं. मधल्या त्या चार मिनिटांत रडारने पाहिलं, संगणकाने वाट काढली, आदेश गेला. त्या पोराच्या प्रश्नातला 'किती वेळ' हा इथे येतो. सात-आठ मिनिटांतली चार गेली की उरतं ते एवढंच.

हवेच्या बाहेर तर स्फोटकाचीही गरज उरत नाही. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एक किलो लोखंडात एक किलो टीएनटीएवढी ताकद असते, नुसती टक्कर पुरते. मार्च २०१९ मध्ये 'मिशन शक्ती'त आपल्याच उपग्रहाला सुमारे २८० किलोमीटर उंचीवर असंच टक्कर देऊन फोडलं.

रशियाचं एस-४०० सगळ्यांनी ऐकलं आहे. २०१८ मध्ये पाच रेजिमेंटचा करार झाला, लांबात लांब मिसाईल ४०० किलोमीटरचं. त्याबद्दल इतकं लिहून आलं आहे की इथे थांबतो.

दारूगोळा आपल्याच रस्त्यावरचा

मौद्याहून भंडाऱ्याकडे निघालं की जवाहरनगरची आयुध निर्माणी लागते. नागपूरकडे गेलं तर अंबाझरी, तिथे पिनाकाचे रॉकेट बनतात. त्याच्याही पुढे अमरावती रोडवर बाजारगावचा स्फोटकांचा मोठा कारखाना. चंद्रपूरकडे भद्रावतीची निर्माणी. देशाच्या मधोमध, सीमेपासून लांब, म्हणून हा सगळा पट्टा विदर्भात आला. आणि बाण कितीही हुशार असला तरी त्याला ढकलणारी दारू लागतेच.

ही दारू म्हणजे काळी पावडर नव्हे. अमोनियम परक्लोरेट नावाचं क्षार, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि ते सगळं धरून ठेवणारं रबरासारखं चिकट द्रव्य, हे एकत्र कालवून साच्यात ओततात. गोठल्यावर ते टायरच्या रबरासारखं घट्ट होतं. त्यात केसाएवढी भेग किंवा हवेचा बुडबुडा राहिला, तर ज्वाला तिथून आत शिरते, दाब एकदम वाढतो आणि रॉकेट जागच्या जागी फुटतं. म्हणून प्रत्येक नग एक्स-रेखाली तपासतात.

इथे टिपू सुलतानांची आठवण येणारच. म्हैसूरच्या रॉकेटांची खुबी हीच होती की दारू कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत न भरता लोखंडाच्या नळीत भरली. लोखंड जास्त दाब सोसतं, म्हणून रॉकेट लांब जातं. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत त्यांनी इंग्रजांचा दारूगोळा पेटवला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती रॉकेटं इंग्लंडला गेली आणि काही वर्षांत विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरून आपली बनवली. कलाम साहेब तरुणपणी अमेरिकेत नासाच्या वॉलॉप्स केंद्रात गेले, तेव्हा तिथल्या भिंतीवर टिपूंच्या फौजेच्या इंग्रजांशी लढाईचं चित्र लावलेलं होतं, हे त्यांनी 'अग्निपंख'मध्ये लिहिलं आहे. पोरांना सांगायला ही गोष्ट चांगली. पण नुसता अभिमान सांगून भागत नाही, नळीतल्या दाबाचं गणितही सांगा.

आणि हेही सांगा की हे काम जिवावरचं आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या कारखान्यातल्या स्फोटात नऊ जण गेले, त्यात बायकाही होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत आठ जण गेले. त्यानंतर चारच महिन्यांत देशभर मिसाईलांच्या नावाने जल्लोष झाला, पण त्या सतरा घरांची नावं कुणाच्या स्टेटसवर दिसली नाहीत. राष्ट्रीय कवचाची किंमत सीमेवरच मोजली जाते असं नाही, ती आपल्या भंडारा रोडवरही मोजली गेली आहे. तुमच्या घरातला मुलगा अशा ठिकाणी कंत्राटावर लागत असेल तर पगाराबरोबर दोन गोष्टी विचारा: सुरक्षेचं प्रशिक्षण किती दिवसांचं, आणि विमा कुणाच्या नावाने.

नागपूरचं भार्गवास्त्र

ड्रोनच्या झुंडीचा प्रश्न मात्र वेगळाच. काही लाखांच्या ड्रोनवर कोट्यवधींचं मिसाईल किती वेळा मारणार? शत्रूला हेच हवं असतं, तुमचा भाता रिकामा व्हावा. म्हणून पुन्हा तोफांना दिवस आले. जुन्या एल-७० तोफा नवं रडार, नवा कॅमेरा लावून मे २०२५ मध्ये कामी आल्या. काही ड्रोन तर न मारताच पाडता येतात. त्यांचा रेडिओ संपर्क किंवा उपग्रहाकडून येणारी दिशा जॅमरने बिघडवली की ते भरकटतात.

याच प्रश्नावर नागपुरात एक उत्तर तयार झालं. सोलर समूहाच्या सोलर डिफेन्स अँड एरोस्पेस या कंपनीने 'भार्गवास्त्र' बनवलं. १३ मे २०२५ रोजी, म्हणजे गोळीबार थांबून तीन दिवस झाल्यावर, ओडिशातल्या गोपाळपूरच्या रेंजवर सैन्याच्या हवाई संरक्षण अधिकाऱ्यांसमोर त्याची चाचणी झाली. दोनदा एकेक रॉकेट, आणि तिसऱ्यांदा दोन सेकंदांत दोन. चारही नीट गेले.

कल्पना साधी आहे. पहिल्या थरात बिनदिशादर्शनाचे छोटे रॉकेट, जे झुंडीत फुटले की २० मीटरच्या घेऱ्यातली ड्रोनं निकामी करतात. त्यातून सुटलं तर दुसऱ्या थरात दिशा पकडणारं छोटं मिसाईल. रडार ६ ते १० किलोमीटरवरून धोका ओळखतं, छोटी ड्रोनं अडीच किलोमीटरपर्यंत ओळखून मारता येतात, असं कंपनी सांगते. ताशी १५० किलोमीटरने येणारं ड्रोन हे अडीच किलोमीटर एका मिनिटात कापतं, म्हणून एक रॉकेट नव्हे, झुंडीला झुंडच हवी. ५,००० मीटरहून उंच भागातही ते चालावं अशी रचना आहे. आणि आपल्या पॉवर प्लांटसारख्या ठिकाणाला उद्या खरा धोका असलाच, तर तो याच जातीच्या वस्तूंचा जास्त. २,३२० मेगावॅटचा प्लांट जागचा हलत नाही, नकाशावर सगळ्यांना दिसतो.

मग कवच शंभर टक्के का नाही?

समजा एक मिसाईल अडवायची शक्यता दहात आठ आहे. हा आकडा आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे. प्रत्येकावर दोन-दोन मारले तर शक्यता शंभरात ९६ होते. छान वाटतं. पण दहा मिसाईल एकदम आल्या तर दहाही अडतील याची शक्यता शंभरात फक्त ६६. म्हणजे तीनात एकदा किमान एक तरी आत येणार. वर शत्रू खोट्या वस्तू सोडतो, एका मिसाईलमधून अनेक डोकी काढतो. म्हणूनच इस्रायलचं 'आयर्न डोम' सगळ्या रॉकेटांवर मारा करतच नाही. रॉकेट मोकळ्या रानात पडणार असं दिसलं तर त्याला पडू देतं, वस्तीकडे येणाऱ्यावरच खर्च करतं.

दिशेचाही प्रश्न असतो. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदीच्या अबकैक तेल कारखान्यावर ड्रोन आणि क्रूझ मिसाईल आले. जगातली महागडी हवाई संरक्षण यंत्रणा खरेदी केलेला देश, पण रडारांचं तोंड मुख्यतः दक्षिणेकडे होतं आणि हल्ला उत्तरेच्या बाजूने झाला. देशाचं निम्मं तेल उत्पादन काही काळ थांबलं. १७ जानेवारी २०२२ ला अबू धाबीच्या मुसफ्फामध्ये ड्रोन-मिसाईल हल्ल्यात तीन कामगार मेले, त्यातले दोघे भारतीय आणि एक पाकिस्तानी. त्याच दिवशी तिथल्या 'थाड' यंत्रणेने एक बॅलिस्टिक मिसाईल आकाशात फोडलंही होतं. एकाच दिवशी, एकाच शहरात दोन्ही गोष्टी घडल्या.

अडवलेलं मिसाईल हवेत विरघळत नाही, हेही लोक विसरतात. त्याचे तुकडे, आपल्या मिसाईलचे तुकडे, न जळलेली दारू, सगळं खाली येतं. जून २०२५ मध्ये दोह्याच्या आकाशात इराणची मिसाईलं अडवली गेली तेव्हा आपल्या नातेवाइकांनी गच्चीवरून व्हिडिओ काढले. आम्ही त्यांना तेव्हाही फोनवर म्हणालो होतो, आधी छताखाली जा. उजेड दिसल्यावर मिनिटभरानेही लोखंड पडू शकतं.

तुकडा सापडलाच तर हात लावायचा नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही, पोरांना लांब ठेवायचं आणि ११२ ला फोन करायचा. आणि व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी थोडं थांबा. त्या चार दिवसांत सुरतजवळच्या हजीरा बंदरावर हल्ला झाल्याचा जो व्हिडिओ फिरला, तो २०२१ मधल्या तेल टँकरच्या स्फोटाचा निघाला. दुसरा २०२० मधला बैरुतचा होता. काही तर चक्क कॉम्प्युटर गेममधले. आपल्याच मोहल्ल्यातल्या दोघांनी ते पुढे पाठवले होते, आणि अशा वेळी आपल्या पोरांच्या फोनवरून गेलेली एक चुकीची क्लिप किती महागात पडू शकते, हे मोठ्यांना वेगळं सांगायला नको.

पुढे काय

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून 'मिशन सुदर्शन चक्र' जाहीर झालं. २०३५ पर्यंत महत्त्वाच्या ठिकाणांना, त्यात दवाखाने, रेल्वे, प्रार्थनास्थळंही आली, संरक्षण देण्याचा इरादा आहे. आठच दिवसांनी, २३ ऑगस्टला, ओडिशात एका नव्या एकात्मिक यंत्रणेची पहिली चाचणी झाली. लांबच्या लक्ष्याला झटपट मारणारं क्यूआरसॅम, अगदी जवळचं व्हीशोराड्स आणि लेझर, अशी तिघांची जोडणी. दोन वेगवान ड्रोन आणि एक बहुपंखी ड्रोन, तिन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या अंतरावर आणि उंचीवर पाडले. लेझर त्याआधी १३ एप्रिलला कर्नूलला दाखवला होता, ३० किलोवॅटचा. त्याची गोळी म्हणजे वीज. एका माऱ्याला डिझेलचा खर्च तेवढा, भाता संपत नाही.

एवढ्या मोठ्या योजनेत माणसं लागणार, आणि ती फक्त आयआयटीची नसतात. डीआरडीओ तंत्रज्ञांची भरती 'सेप्टॅम' मार्फत करते, त्यात आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांनाही जागा असतात. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे ट्रेड आपल्या मुलांनी घेतलेलेच असतात, फक्त जाहिरातीकडे लक्ष नसतं. घरात हिंदी-उर्दू आणि शाळेत मराठी, त्यामुळे इंग्रजीतला फॉर्म पाहूनच काही जण मागे फिरतात. शेजारच्या कॉलेजवाल्याला सोबत बसवा आणि भरा.

ते पोरगं आता दहावीला आहे. हे सगळं त्याला पंख्याखाली बसवून तासभर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाचा, लेझर ठीक आहे. पण जुलैत आपल्याकडे ढग येते, पाऊस येते. त्यात लेझर चालते का?" बरोबर प्रश्न. पाणी, धुकं, धूर यांत तो झोत विखुरतो, ताकद कमी होते. म्हणून तोफ अजून रिटायर झालेली नाही.